नऊ जणांचं बुकिंग, बारा माणसं आणि एक वेटर

मी बरीच वर्षं रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर काढलीत, आधी वेटर म्हणून आणि मग कॅप्टन म्हणून, म्हणजे वेटरांवर लक्ष ठेवणारा, आणि गिऱ्हाइकाने वेटरशी कसं वागावं हा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा "प्लीज म्हणा, थँक्यू म्हणा" यावरच थांबते. म्हणाच, चांगलंच आहे ते. पण ज्या एका टेबलाने मला या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवलं त्या टेबलावर प्लीज-थँक्यू भरपूर चालू होतं, सगळी शिकलेली, बऱ्या घरची माणसं होती, आणि तरी त्या रात्री आमचा एक अतिशय हुशार मुलगा किचनच्या मागच्या पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून पाच मिनिटं नुसता उभा होता, हातातला रिकामा ट्रेसुद्धा खाली ठेवायचं भान नव्हतं त्याला. त्या एका रात्रीचं प्रकरण इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय. जागा आणि माणसं ओळखू येतील असं काही लिहिलेलं नाही, बाकी जे घडलं ते तसंच आहे.

शनिवारची रात्र. बुकिंग आठचं, नऊ जणांचं, कोणाच्या तरी प्रमोशनची पार्टी. आले आठ चाळीसला आणि आले बारा जण. ज्यांनी बुक केलं होतं ते गृहस्थ हसत म्हणाले, "तीन जण वाढले, अ‍ॅडजस्ट होईल ना?" आणि मी पण हसत "हो सर" म्हटलं. आता हे "अ‍ॅडजस्ट" म्हणजे नक्की काय असतं ते बाहेरून दिसत नाही. बुकिंगच्या वेळा आम्ही पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने देतो कारण किचनमध्ये गॅस तेवढेच, हात तेवढेच, सगळ्या टेबलांच्या ऑर्डरी एकाच वेळी आत गेल्या तर कोणालाच वेळेवर मिळत नाही. आठचं टेबल आठ चाळीसला बसलं की ते पावणेनऊच्या टेबलावर जाऊन आदळतं. तसंच झालं. त्याच मुलाच्या सेक्शनमध्ये, म्हणजे त्याने सांभाळायच्या टेबलांमध्ये, आठ पंचेचाळीसचं चार जणांचं टेबल वेळेवर येऊन बसलं, म्हणजे पाच मिनिटांत सोळा माणसं एकाच वेटरच्या अंगावर, शिवाय आधीची तीन टेबलं चालू होतीच. आणि त्या वाढलेल्या तिघांसाठी शेजारचं जे टेबल जोडलं ते दुसऱ्या एका जोडप्यासाठी धरून ठेवलेलं होतं, ते जोडपं मग दाराशी पंचवीस मिनिटं उभं राहिलं आणि त्यांचाही राग, अर्थातच, याच मुलावर निघाला, कारण शेवटी ते त्याच्याच सेक्शनमध्ये बसले. उशीर होतोच कधी कधी, माणसं वाढतात, त्यात गुन्हा काही नाही. पण तासभर आधी एक फोन आला असता तर मी टेबलं वेगळी लावली असती, दुसरा मुलगा मदतीला दिला असता, किचनला आधीच कल्पना दिली असती. एक मिनिटाचा फोन, बस्स.

आता पहिली वीस मिनिटं. ही मी काउंटरपाशी उभा राहून डोळ्यांनी बघितलीत म्हणून सविस्तर सांगतो. एकाने साधं पाणी मागितलं, मुलगा गेला, घेऊन आला. दुसरा म्हणाला आम्हालाही पाणी, पण थंड. परत गेला. आला तर तिसऱ्याला टिश्यू. मग चौथ्याला लक्षात आलं की एसी डोक्यावर येतोय. मग कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला दिला. प्रत्येक जण गोड बोलत होता, प्रत्येकाच्या दृष्टीने त्याने एकच छोटीशी गोष्ट मागितली होती, आणि बारा माणसांच्या बारा छोट्या गोष्टी म्हणजे बारा फेऱ्या. मोठ्या फ्लोअरवर एक फेरी दीड-दोन मिनिटांची. हिशोब करा, तेवढ्या वेळात बाकीच्या चार टेबलांकडे बघायला माणूसच नाही, आणि त्यातल्या एका टेबलावर एक आजोबा बिल मागण्यासाठी हात वर करून बसलेले, त्यांच्याकडे शेवटी मी गेलो.

यावर खूप जुनं काम झालेलं आहे. १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने शिकागोमधल्या रेस्टॉरंटांमध्ये बसून अभ्यास केला होता, १९४८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यातला एक प्रश्न असा होता की गर्दीच्या वेळी काही वेट्रेस रडतात आणि काही तशाच गर्दीत टिकून राहतात, तर फरक कशाचा. त्याला दिसलं ते असं की जी स्वतः टेबलाचा ताबा घेते, पहिल्यांदा ती बोलते, ऑर्डरीचा क्रम ती ठरवते, ती टिकते, आणि जी नुसती ज्याने हाक मारली त्याच्याकडे धावत राहते ती कोलमडते. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण फ्लोअरवरचा कोणीही हे डोळे मिटून मान्य करेल. म्हणून चांगलं गिऱ्हाईक कोण असं मला विचाराल तर मी म्हणेन जो वेटरला त्याचा क्रम लावू देतो. तो टेबलाशी येऊन उभा राहिला की मोबाइल खाली ठेवतो, त्याचं ऐकतो, "अजून कोणाला काही हवंय का, एकदाच सांगा रे" असं आपल्या माणसांना विचारतो. आणि तो म्हणाला की दोन मिनिटांत येतो, तर दोन मिनिटं देतो. ठरलं असेल तर मेन्यू मिटून ठेवतो, कारण उघडा मेन्यू लांबून दिसला की आम्ही समजतो अजून ठरायचंय आणि मुद्दाम जात नाही, आणि इकडे माणसाला वाटतं की आपल्याकडे कोणी बघतच नाही.

हाक मारण्याचं पण सांगून टाकतो. चुटकी नको, शुक-शुक नको, ग्लासवर चमचा वाजवणं नको, आणि बाजूने जाताना बाही किंवा दंड धरणं तर अजिबातच नको, त्याच्या हातात गरम काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. नजर मिळाली की हात थोडा वर करा, पुरतं. त्या टेबलावर एक जण सारखा चुटक्या वाजवत होता, आणि गंमत म्हणून वाजवत होता, मित्रांसमोर जरा रुबाब. वाईट मनाने नव्हता करत. पण चुटकी ऐकणाऱ्याला मनातलं ऐकू येत नाही.

ड्रिंक्सची ऑर्डर गेली. बारवर पण चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने ग्लास भरले जातात, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. टेबलावरचा एक जण उठून सरळ काउंटरला गेला आणि बारटेंडरला म्हणाला आमचं जरा लवकर दे, आणि वर एक ड्रिंक तिथेच तोंडी सांगून घेऊन आला. त्याला वाटलं वेटरची एक फेरी वाचवली. झालं उलटंच, ते ड्रिंक कुठल्याच टेबलाच्या बिलावर चढलं नाही, रात्री बारचा हिशोब लावताना बाटलीत कमी आणि बिलातही नाही, आणि अशा वेळी पहिला संशय सेक्शनच्या वेटरवर आणि बारटेंडरवर जातो. टेबलावर बसला असाल तर टेबलाच्या वेटरलाच सांगा, काउंटरला बसला असाल तर बारटेंडरला, आणि मध्येच जागा बदलली तर दोघांनाही कळू द्या म्हणजे आधीचं बिल तिकडे घेता येतं. आणि "जरा सढळ हाताने ओत रे" हे पण सांगू नका. बाटलीतलं रात्री मापून बघतात, त्या सढळ हाताचा जाब त्यालाच द्यावा लागतो. तुम्ही प्रेमाने मागता, पण मागता ती चोरीच.

मग तो ट्रे. मुलगा आठ भरलेले ग्लास घेऊन आला. ट्रे डाव्या हातावर, तळवा आणि पसरलेली बोटं खाली, आणि वजनाचा तोल त्याने बारवरून उचलतानाच मनाशी लावलेला असतो, जड ग्लास मधे, हलके कडेला, आणि उतरवताना सुद्धा कुठला आधी उचलायचा ते ठरलेलं असतं, एक इकडचा एक तिकडचा. कडेला बसलेल्या एका सज्जन माणसाने, खरंच मदत म्हणून, हात पुढे करून ट्रेच्या कडेचा ग्लास पटकन उचलला. एका बाजूचं वजन अचानक गेलं, ट्रे दुसऱ्या बाजूला कलला, आणि मुलाने उजवा हात घातला तरी तीन ग्लास गेले, एक त्याच्या शर्टावर आणि दोन जमिनीवर. कोणाला लागलं नाही. तो माणूस सॉरी सॉरी म्हणत होता पण बाकीचे टाळ्या वाजवायला लागले, ग्लास फुटला की वाजवतात तशा, आणि मुलगा ओल्या शर्टाने खाली वाकून काचा गोळा करत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणालाही तो क्षण आज आठवत नसेल. मदत करायची इच्छा असेल तर सोपी गोष्ट आहे, तो ग्लास पुढे करेल तेव्हा घ्या, नाहीतर हात मांडीवर ठेवा, आणि भिंतीकडे बसला असाल तर तुमच्या बाजूच्या रिकाम्या प्लेटा त्याने हात केला की पुढे सरकवा. ट्रेवरचं काही स्वतःहून उचलू नका.

जेवणाची ऑर्डर नऊ पंचवीसला झाली. इथे एक बारीक गोष्ट सांगतो जी पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. वेटर ऑर्डर लिहितो तेव्हा माणसांच्या नावाने लिहीत नाही, खुर्चीच्या नंबराने लिहितो. एक ठरलेली खुर्ची, समजा दारापासची, ती एक नंबर, तिथून घड्याळाच्या काट्यांसारखं पुढे मोजायचं. बारा खुर्च्या, बारा ओळी. म्हणूनच चांगला वेटर प्लेटा घेऊन आला की "हे कोणाचं, ते कोणाचं" असं न विचारता बरोबर समोर ठेवतो, आणि लोकांना वाटतं काय स्मरणशक्ती आहे याची! स्मरणशक्ती असतेच म्हणा. बर्लिनमध्ये कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं असं सांगतात, की बिल चुकतं व्हायचंय अशा टेबलाची ऑर्डर वेटरला पाठ असते आणि पैसे मिळाले की तीच डोक्यातून पुसली जाते, आणि त्यावरून त्याची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने प्रयोग करून अपुरं काम डोक्यात जास्त टिकतं हे १९२७ मध्ये मांडलं. म्हणजे तुमचं टेबल संपेपर्यंत तो ते डोक्यात घेऊन फिरत असतो, आणि अशी पाच टेबलं एकावेळी. वही आणि डोकं दोन्ही त्या खुर्च्यांवर चालतं. आणि ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांनी चौथ्या आणि सातव्या खुर्चीवरच्या दोघांनी जागा बदलल्या, कारण एकाला दुसऱ्या बाजूच्या मित्राशी बोलायचं होतं.

किचनमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते पण सांगायला हवं. बारा जणांची ऑर्डर, त्यात नऊ वेगवेगळ्या डिश आणि पाच जणांचे बदल, हे नको ते जास्त, अर्धं असं अर्धं तसं. बदल मागू नयेत असं मी म्हणत नाही, एखाद-दुसरा बदल कोणीही आनंदाने करतं. पण प्रत्येक बदल म्हणजे ती डिश एकत्र न बनता वेगळी बनणार, आणि मोठं टेबल असलं की सगळ्यांचं एकदम बाहेर जायला हवं म्हणून आधी तयार झालेलं पिकअपवर, म्हणजे वेटर प्लेटा उचलतो त्या काउंटरवर, थांबणार. मेन कोर्स बाहेर यायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं खूप असतात, उपाशी माणूस चिडणारच. पण या पन्नास मिनिटांत त्या वेटरच्या हातात काय होतं? तो आत जाऊन विचारू शकत होता, विचारलं त्याने, चार वेळा, आणि चौथ्यांदा आतून त्याला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर येऊन तो म्हणत होता, "सर, होतंच आलंय." गिऱ्हाइकाचा राग आतल्या शेफपर्यंत पोचत नाही, शेफचा राग गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, दोन्हीकडचा राग मधल्या एकाच माणसावर उतरतो. त्या व्हाइटने पण हेच टिपलं होतं, आणि वेट्रेसने आचाऱ्याला तोंडी ओरडून सांगण्याऐवजी चिठ्ठी एका सळईत खोचून ठेवावी म्हणजे आत भांडणं कमी होतील असं सुचवलं होतं. चिठ्ठ्यांनी आतलं भांडण थोडं कमी होतं, टेबलाकडचं मात्र चिठ्ठीवर सोडता येत नाही.

मला या प्रकरणातून जे म्हणायचंय ते इथे आहे. वेटर हा त्या सगळ्या साखळीतला एकटाच दिसणारा माणूस आहे. बुकिंग कोणी घेतलं, किंमती कोणी ठरवल्या, किचनमध्ये आज एक माणूस कमी आहे, म्युझिक मोठं आहे, टेबल डगमगतंय, यातलं काहीही त्याने केलेलं नसतं आणि सगळ्याचा जाब त्याला विचारला जातो. तक्रार करू नका असं माझं बिलकुल म्हणणं नाही. थंड आलं तर सांगा, चुकीचं आलं तर परत पाठवा, अर्धं खाऊन झाल्यावर सांगण्यापेक्षा पहिल्या घासाला सांगा म्हणजे लगेच बदलून देता येतं. फक्त सांगण्याआधी एक सेकंद विचार करा की हे याच्या हातातलं आहे का. असेल तर त्याला सांगा. नसेल तर कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवायला सांगा, शांतपणे, त्यासाठीच तर आम्ही उभे असतो.

सव्वादहाला प्लेटा आल्या. मुलाने आणि हेल्परने मिळून बाराही प्लेटा दोन मिनिटांत ठेवल्या, आणि चौथ्या-सातव्याच्या प्लेटांची अदलाबदल झाली. साहजिक होतं. त्यातल्या एकाने, तोच चुटक्यावाला, प्लेटेकडे बघितलं, नॅपकिन टेबलावर आपटला आणि आख्खं हॉल ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "तासभर लावलास आणि ते पण चुकीचं आणलंस? डोकं आहे का ठिकाणावर?" मुलगा "सॉरी सर, लगेच बदलतो" म्हणाला आणि दोन प्लेटा उचलून एकमेकांच्या जागी ठेवल्या. चार सेकंदांचं काम होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या एका बाई म्हणाल्या की यात दाणे आहेत का, मला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे. प्लेट समोर आल्यावर! माझ्या पोटात गोळाच आला. ही गोष्ट ऑर्डरच्या आधी सांगायची असते, खरं तर बुकिंगच्या वेळीच, कारण नुसते वरचे दाणे काढून चालत नाही, तेच तेल, तोच चमचा, तीच कढई असली तरी काही लोकांना रिअ‍ॅक्शन येते आणि ती काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. "आवडत नाही" आणि "अ‍ॅलर्जी आहे" हे दोन शब्द पण वेगवेगळे वापरा. नावड असताना अ‍ॅलर्जी म्हणणारे इतके भेटतात की किचन हळूहळू तो शब्द हलक्यात घ्यायला लागतं, आणि त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं. प्लेट मागे गेली, वेगळ्या भांड्यात नवीन करायला लावली, अठरा मिनिटं. त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आता हिने सगळ्यांचं संपल्यावर जेवायचं का?" आणि हे पण त्या मुलालाच.

तो पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला तो यानंतर. मी मागे गेलो तर म्हणाला, "दोन मिनिटं द्या दादा, तोंड नीट करून येतो." तोंड नीट करून. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या एअर होस्टेसवर अभ्यास करून याला भावनिक श्रम असं नाव दिलं, म्हणजे आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर ठरलेलं हसू ठेवणं हा पगाराच्या कामाचाच भाग असतो. हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे, बारमध्ये काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर जास्तच. तिचं हसणं हे तिचं काम आहे. त्यावरून नंबर मागणं, हात धरणं, "हसतेस छान" म्हणून जाऊ न देणं, हे तिला उलट उत्तर देता येणार नाही हे माहीत असताना केलेलं असतं. आणि प्यायल्यावर कोणाला बारटेंडरने "बास आता" म्हटलं तर वाद घालू नका, बऱ्याच ठिकाणी जास्त झालेल्याला आणखी देणं हा कायद्यानेच गुन्हा असतो आणि परवाना आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात. मित्राला उचला, पाणी पाजा, घरी न्या.

मी त्याला पॅसेजमध्ये सोडून स्वतः त्या टेबलावर गेलो. तोपर्यंत तिथे एक वेगळीच गोष्ट झाली होती. एक मध्यमवयीन बाई, बहुधा ऑफिसातल्याच कोणी सीनियर, त्यांनी टेबलाचा कारभार हातात घेतला होता. कोणाला काय हवं ते त्यांनी एका टिश्यूवर लिहून ठेवलं होतं, सहा गोष्टी, ती चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घाई नाही, जमेल तसं आणा." भिंतीकडच्या रिकाम्या प्लेटा पुढे सरकवून ठेवल्या होत्या. जाण्यायेण्याच्या वाटेत आलेल्या दोन खुर्च्या आत ओढायला लावल्या होत्या. त्यानंतर पाऊण तास ते टेबल एकदम सुरळीत चाललं, तीच माणसं, तोच वेटर. एका माणसाने केलं हे. मोठ्या ग्रुपमध्ये असं एक जण आधीच ठरवून टाकावं असं मला मनापासून वाटतं.

बिलाच्या वेळी परत गाडी अडली. किचन अकराला बंद झालं होतं, अकरा पंचवीस झाले होते, आणि तेव्हा ठरलं की बिल सात भागांत करायचं, आणि समान भागांत नाही, ज्याने जे घेतलं ते. वेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगायचं, तेव्हा काहीच जात नाही त्यात. दोन-अडीच तासांनी सांगितलं की प्रत्येक ग्लास कोणाचा ते शोधत बसायचं. त्यात पंचवीस मिनिटं गेली. आणि शेवटी यजमानांनी टिप नाही ठेवली, मला बाजूला घेऊन म्हणाले की जेवण फारच उशिरा आलं म्हणून. बोलणं सभ्य होतं त्यांचं. पण उशीर किचनमध्ये झाला होता आणि टिप जाणार होती वेटरची, हेल्परची, ग्लास भरणाऱ्याची, कारण आमच्याकडे ती सगळ्यांत वाटली जायची. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला त्या रात्री काहीच कळलं नाही. जिथे टिप देतात तिथे ती सर्व्हिसला असते, जेवणाची तक्रार बिलावर किंवा मॅनेजरजवळ करा, तिथे त्याचं काहीतरी होतं तरी.

माझ्याही चुका होत्या आणि त्या छोट्या नव्हत्या. बारा जण दारात दिसले तेव्हाच मी त्या मुलाची दोन टेबलं काढून दुसऱ्याला द्यायला हवी होती. अ‍ॅलर्जीचं ऑर्डरच्या वेळी विचारायला हवं हे मी मुलांना पक्कं शिकवलेलं नव्हतं. आणि नऊ पंचवीसला मी स्वतः टेबलाशी जाऊन सांगायला हवं होतं की सर, आज पन्नास मिनिटं लागतील. खरी वेळ सांगितली की लोक थांबतात, "होतंच आलंय" ऐकून मात्र भडकतात. ते ऐकवायला मी त्याला एकट्याला पुढे सोडला.

तीन आठवड्यांनी तेच टेबल परत आलं. या वेळी त्या बाईंनी फोन केला होता, दहा जण, दाण्यांची अ‍ॅलर्जी एकीला, बिल एकच. चुटक्यावाला आला नव्हता. मी मुलाला विचारलं, घेतोस का ते टेबल, तर नको म्हणाला, म्हणून दुसऱ्या बाजूचा सेक्शन दिला त्याला. जेवण झाल्यावर त्या बाई उठून हॉल ओलांडून त्याच्याकडे गेल्या, तो साइड स्टेशनवर चमचे पुसत होता, मी जवळच होतो. म्हणाल्या, "त्या दिवशी प्लेटा तू चुकवल्या नव्हत्यास, आमच्यातल्या दोघांनी जागा बदलल्या होत्या. मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

त्याने हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "माहितीये मॅडम. वहीत होतं माझ्या."